शक्तिशाली रेडिओ लहरींनी बदललेले आयनांबर आणि त्याचा रडारने होणारा अभ्यास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमिनीवरून आकाशाकडे जोरदार रेडिओ लहरी सोडायच्या, त्यांनी शेकडो किलोमीटर उंचीवरचा विद्युतभारित वायू काही काळ बदलायचा आणि तो बदल रडारने टिपायचा, असे प्रयोग गेली पन्नासहून अधिक वर्षे होत आहेत. या विषयाकडे नव्याने वळणारे विद्यार्थी, हौशी रेडिओचालक आणि जिज्ञासू वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तेथे थोडक्यात सांगितल्याने गैरसमजच वाढतात.

आयनांबरात असे काय आहे, की ते रेडिओ लहरींनी बदलते?

साधारण ६० किलोमीटरपासून वर, सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे हवेतील काही अणू-रेणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. हे सुटे इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेले आयन मिळून जो प्लाझ्मा होतो, त्याच्या थराला आयनांबर म्हणतात. त्याचा सर्वांत दाट भाग, म्हणजे एफ थर, बहुतेक वेळा २०० ते ४०० किलोमीटर उंचीवर असतो आणि तेथे दर घनमीटरमध्ये सुमारे १० चा ११ वा ते १२ वा घात इतके इलेक्ट्रॉन असतात. ऐकायला ही संख्या मोठी वाटते, पण तेथेही उदासीन अणूंची संख्या इलेक्ट्रॉनांच्या शेकडो पट असते.

प्रत्येक प्लाझ्माला स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. इलेक्ट्रॉनांची दर घनमीटर संख्या घेऊन तिच्या वर्गमुळाला ९ ने गुणले की ही वारंवारता हर्ट्‌झमध्ये मिळते. घनता १० चा १२ वा घात असेल तर उत्तर ९ मेगाहर्ट्‌झ येते. म्हणजे लघुलहरींच्या पट्ट्यातील लहर वर जात असता कोठेतरी अशी उंची येते, की तिची आणि प्लाझ्माची वारंवारता जुळते. तेथून ती परावर्तित होते, आणि परतण्यापूर्वी त्या उंचीच्या आसपास तिचा वेग मंदावून तिचे विद्युत क्षेत्र बरेच वाढते. लहर पुरेशी जोरदार असेल, तर याच पट्ट्यात ती माध्यमाला बदलू लागते.

ही गोष्ट प्रथम कोणाच्या लक्षात आली?

१९३३ साली नेदरलँड्समध्ये टेलेगेन यांना स्वित्झर्लंडमधील बेरोम्युन्स्टर केंद्र ऐकताना पाठीमागे लक्झेंबर्ग केंद्राचा कार्यक्रमही ऐकू आला. दोन्ही केंद्रांच्या वारंवारता अगदी वेगळ्या होत्या, त्यामुळे रिसिव्हरचा दोष हे स्पष्टीकरण पुरेसे नव्हते. पुढच्याच वर्षी बेली आणि मार्टिन यांनी उलगडा केला. लक्झेंबर्गच्या शक्तिशाली लहरींनी खालच्या आयनांबरातील इलेक्ट्रॉनांचे तापमान आवाजाच्या चढउतारांनुसार वरखाली होत होते, तापमान बदलले की शोषण बदलत होते, आणि त्याच भागातून जाणाऱ्या दुसऱ्या केंद्राच्या लहरींवर त्याची छाप उमटत होती. प्रसारणासाठी उभारलेल्या केंद्राने नकळत केलेला हा पहिला प्रयोग म्हणता येईल.

हेतुपूर्वक असे प्रयोग करणारी केंद्रे कोणती?

पहिले मोठे केंद्र १९७० साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात प्लॅटव्हिल येथे सुरू झाले. त्यानंतर पोर्तो रिकोतील आरेसिबो, नॉर्वेतील ट्रॉम्सो, रशियात निझनी नोव्हगोरोद प्रांतातील सुरा, अलास्कातील गाकोना येथील हार्प आणि स्वालबार्डवरील स्पिअर अशी केंद्रे उभी राहिली. या प्रक्षेपण यंत्रणेला या क्षेत्रातील लोक सरसकट हीटर म्हणतात आणि तिच्या लहरीला पंप लहर म्हणतात. हीच नावे पुढे वापरली आहेत.

ट्रॉम्सोचा हीटर जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेने उभारला. १९८० च्या सुमारास तो कार्यरत झाला आणि १९९३ मध्ये आयस्कॅट या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे आला. त्याचे १२ प्रक्षेपक आहेत आणि प्रत्येकाची शक्ती सुमारे १०० किलोवॅट आहे. हार्पची उभारणी १९९३ मध्ये सुरू झाली. १८० अँटेनांचा आणि ३.६ मेगावॅट शक्तीचा त्याचा पूर्ण आराखडा २००७ मध्ये सिद्ध झाला, आणि २०१५ मध्ये ते अलास्का विद्यापीठाच्या फेअरबँक्स शाखेकडे सोपवले गेले.

शक्तीच्या बाबतीत हार्प आघाडीवर असले, तरी रडारने अभ्यास करण्याच्या दृष्टीने आरेसिबो आणि ट्रॉम्सो यांचे स्थान वेगळे आहे, कारण तेथे हीटरच्या जोडीला मोठे इनकोहेरंट स्कॅटर रडार, म्हणजे आयनांबरातील सुट्या इलेक्ट्रॉनांकडून परतणारा अत्यल्प प्रतिध्वनी टिपणारे रडार, होते. सुराजवळ असे रडार नाही, आणि हार्पजवळ ४४६ मेगाहर्ट्‌झचे तुलनेने लहान रडार वापरले गेले. आरेसिबोचे ४३० मेगाहर्ट्‌झचे रडार १ डिसेंबर २०२० रोजी तबकडीवरचा यंत्रमंच कोसळल्याने कायमचे गेले. या विषयाचे ते फार मोठे नुकसान आहे.

आयनोसोंड स्वस्त आणि सुटसुटीत असताना महागडे रडार कशाला?

आयनोसोंड हे जमिनीवरून लघुलहरी वर सोडणारे यंत्र. ते वारंवारता वाढवत जाते आणि प्रत्येक वारंवारता किती उंचीवरून परत येते ते नोंदवते. आज कोणती पंप वारंवारता घ्यावी हे त्यावरूनच ठरते, म्हणून प्रयोगाच्या वेळी ते शेजारी हवेच. मात्र त्याच्या लहरी हीटरच्याच पट्ट्यातील असल्याने बदललेल्या भागातून जाताना त्याही वाकतात, शोषल्या जातात आणि विखुरतात. परिणाम जोरदार असेल तर नेमक्या त्याच वेळी आयनोसोंडची नोंद पुसट होते. शिवाय सर्वाधिक घनतेच्या वर काय चालले आहे, हे त्याला दिसतच नाही.

रडारची वारंवारता शेकडो मेगाहर्ट्‌झ असते. तिच्यासाठी आयनांबर जवळजवळ पारदर्शक आहे. त्यामुळे रडारची लहर सरळ आरपार जाते आणि प्रत्येक उंचीवरून अत्यल्प अंश परत येतो. २०० किलोमीटरवरून आलेला प्रतिध्वनी सुमारे १.३ मिलिसेकंदांनी पोहोचतो, २५० किलोमीटरवरचा सुमारे १.७ मिलिसेकंदांनी. आगमनाच्या वेळेवरून उंची कळते आणि उंचीगणिक प्लाझ्माची अवस्था वेगळी काढता येते.

हा प्रतिध्वनी कितपत क्षीण असतो?

एक साधे गणित करून पाहावे. एका इलेक्ट्रॉनचे रडारला दिसणारे क्षेत्रफळ सुमारे १० चा उणे २८ वा घात चौरस मीटर असते. रडारच्या झोतात एका क्षणी १० घन किलोमीटर एवढा भाग येतो आणि तेथील घनता १० चा १२ वा घात आहे असे धरले, तर त्यात १० चा २२ वा घात इतके इलेक्ट्रॉन असतील. इलेक्ट्रॉन आणि आयन यांचे तापमान सारखे असेल तर आयनांच्या प्रभावामुळे हे क्षेत्रफळ निम्मे भरते. एकूण बेरीज अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या आसपास येते. शेकडो किलोमीटरवरचा एवढासा लक्ष्यबिंदू शोधण्यासाठी मेगावॅट दर्जाचा प्रक्षेपक, ३२ मीटर व्यासाची तबकडी आणि अत्यंत शांत रिसिव्हर लागतो. तरीही एका स्पंदातून काही कळत नाही. हजारो स्पंदांची सरासरी घ्यावी लागते, म्हणून एका विश्वसनीय तापमानासाठी अनेक सेकंद मोजणी करणे भाग पडते.

वर्णपटावरून तापमान कसे काढतात?

१९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील विल्यम गॉर्डन यांनी अशा रडारची कल्पना मांडली, तेव्हा प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतंत्रपणे प्रकीर्णन करील आणि त्यांच्या प्रचंड वेगामुळे परतीचा वर्णपट, म्हणजे प्रतिध्वनीची शक्ती वेगवेगळ्या वारंवारतांवर कशी वाटली आहे त्याचा आलेख, फार रुंद असेल, अशी अपेक्षा होती. त्याच वर्षी बोल्स यांनी इलिनॉय राज्यात ४१ मेगाहर्ट्‌झवर प्रत्यक्ष प्रतिध्वनी मिळवला, तो अपेक्षेपेक्षा कितीतरी अरुंद निघाला. कारण असे की इलेक्ट्रॉन अगदी स्वैर नसतात. काही मिलिमीटर ते सुमारे एक सेंटिमीटर एवढ्या अंतरापलीकडे ते आयनांशी विद्युत बलाने बांधलेले असतात, आणि रडारची तरंगलांबी त्याहून बरीच मोठी असते. म्हणून रडारला मुख्यतः आयनांच्या चालीने हलणारे इलेक्ट्रॉन दिसतात.

या अरुंद भागाला आयन रेषा म्हणतात. ९३० मेगाहर्ट्‌झच्या आसपास तिची रुंदी काही किलोहर्ट्‌झ असते आणि तिला दोन खांदे व मध्ये खोलगट भाग असतो. रुंदी मुख्यतः आयनांचे तापमान आणि वस्तुमान सांगते. मधला भाग जितका खोल, तितके इलेक्ट्रॉन आयनांहून अधिक तापलेले. संपूर्ण रेषेच्या क्षेत्रफळावरून घनता मिळते आणि ती मध्यापासून सरकलेली असेल तर प्लाझ्मा रडारच्या दिशेने अथवा दूर वाहत असल्याचे कळते. याखेरीज प्लाझ्मा वारंवारतेइतक्या अंतरावर दोन्ही बाजूंना एकेक बारीक रेषा असते. तिला प्लाझ्मा रेषा म्हणतात. शांत आयनांबरात ती इतकी मंद असते, की बऱ्याचदा सापडतही नाही.

हीटर चालू होताच रडारवर प्रथम काय दिसते?

समजा रडार ९३० मेगाहर्ट्‌झवर आहे आणि पंप लहर ५.४ मेगाहर्ट्‌झवर. हीटर चालू झाल्यावर काही मिलिसेकंदांच्या आत परावर्तनाच्या उंचीजवळ, अवघ्या काही किलोमीटरच्या पट्ट्यात, प्लाझ्मा रेषा एकाएकी उजळते. ती सुमारे ९३५.४ आणि ९२४.६ मेगाहर्ट्‌झ येथे दिसते आणि बारकाईने मोजल्यास पंपापेक्षा काही किलोहर्ट्‌झ कमी अंतरावर भरते. हा फरकच तिच्या जन्माची खूण आहे. पंप लहरीचे विघटन होऊन एक लँगम्युअर लहर, म्हणजे इलेक्ट्रॉनांचे उच्च वारंवारतेचे आंदोलन, आणि एक आयन-ध्वनी लहर तयार होते. पंपाची वारंवारता या दोघींत वाटली जाते, आणि आयन-ध्वनी लहरीच्या वाट्याला जे काही किलोहर्ट्‌झ गेले, तेवढेच प्लाझ्मा रेषेतून वजा झालेले दिसतात. त्याच वेळी आयन रेषेचे खांदेही उंचावतात, कारण दुसरे अपत्य तेथे दिसते.

पंप पुरेसा जोरदार असेल तर लँगम्युअर लहरही पुन्हा फुटते, तिची संतती पुन्हा फुटते, आणि वर्णपटात समान अंतरावर टोकांची मालिका उमटते. त्याहून वेगळी शक्यता अशी, की लँगम्युअर लहरींचे क्षेत्र काही जागी इतके दाटते, की ते प्लाझ्माला बाजूला ढकलून छोटी पोकळी करते आणि स्वतः तीत अडकते. या पोकळ्या क्षणात मिटतात आणि नव्या तयार होतात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या दोन चित्रांपैकी खरे कोणते यावर मोठा वाद झाला. आरेसिबोच्या बारीक उंची-मापनाने त्या वादाला दिशा दिली. न छेडलेल्या प्लाझ्मात पहिल्या क्षणी परावर्तनाच्या अगदी जवळ पोकळ्यांच्या चित्राशी जुळणारे वर्णपट सापडतात, आणि थोडे खाली, थोड्या वेळाने, मालिकेचे. म्हणून या प्रयोगांत केव्हा आणि किती उंचीवर हे दोन प्रश्न कोणत्याही निष्कर्षाआधी विचारायला हवेत.

उजळलेली रेषा पुष्कळदा काही सेकंदांत मंदावते. हीटर बंद पडला की काय, असे पाहणाऱ्याला वाटू शकते. प्रत्यक्षात परावर्तनाच्या काही किलोमीटर खाली, चुंबकीय बलरेषांना समांतर अशा लांबट घनता-रेघा तोवर वाढलेल्या असतात, आणि पंपाची बरीचशी ऊर्जा त्या वाटेतच शोषून घेतात. वर पोहोचणारी लहर दुबळी पडते. यानंतरचे मुख्य दृश्य म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या तापमानाची वाढ. दहा-वीस सेकंदांत ती स्पष्ट होते, आणि ट्रॉम्सोवर मूळच्या सुमारे २००० केल्व्हिनपासून ३००० ते ४००० केल्व्हिनपर्यंत मजल गेल्याची निरीक्षणे आहेत. उष्णता बलरेषांच्या दिशेने सहज वाहते, त्यामुळे तापलेला भाग परावर्तनाच्या वर शंभराहून अधिक किलोमीटर पसरतो. आयन मात्र जड असल्याने जवळजवळ होते तसेच राहतात.

मग उजळलेल्या आयन रेषेवरून थेट तापमान काढावे का?

मुळीच काढू नये. या विषयातील सर्वांत जास्त चुका येथेच होतात, म्हणून हे उत्तर लक्षपूर्वक वाचावे. नेहमीचे विश्लेषण असे गृहीत धरते, की प्लाझ्मा समतोलाच्या जवळ आहे आणि रडारला दिसणाऱ्या लहरी केवळ उष्णतेमुळे असलेल्या स्वाभाविक हालचाली आहेत. परावर्तनाच्या पट्ट्यात पंप लहर स्वतःच लहरी जन्माला घालत असते, आणि त्यांची तीव्रता उष्णताजन्य पातळीच्या अनेक पट असू शकते. अशा वर्णपटावर नेहमीचा आज्ञावली-संच चालवला, तरी तो आज्ञाधारकपणे घनता आणि तापमान यांचे आकडे देतोच. ते आकडे निरर्थक असतात. घनतेची अचानक वाढ, एखाद्याच उंचीवर तापमानाची अशक्य उडी, असे निष्कर्ष त्यातूनच निघतात.

योग्य रीत अशी, की प्रथम कच्चा वर्णपट पाहावा, उजळलेल्या उंचीच्या खिडक्या वेगळ्या काढाव्यात, आणि तापमान त्यांच्या वरच्या व खालच्या भागातून घ्यावे. एका गोष्टीचे भान इतरत्रही ठेवावे लागते. आयन रेषेची एकूण शक्ती इलेक्ट्रॉन तापले की घटते. केवळ शक्तीवरून घनता काढली आणि तापमानाची दुरुस्ती केली नाही, तर हीटर चालू असताना घनता कमी झाल्याचा भास होतो.

रडारला एकाच लांबीच्या लहरी दिसतात, याचा अर्थ काय?

माध्यमातील ज्या लहरींची लांबी रडारच्या तरंगलांबीच्या निम्मी असते आणि ज्या रडारच्या झोताच्या दिशेने जातात, त्यांच्याकडून परत येणारे अंश एकमेकांत मिळतात आणि त्यांचाच प्रतिध्वनी होतो. ९३० मेगाहर्ट्‌झच्या रडारला सुमारे १६ सेंटिमीटरच्या लहरी दिसतात, आरेसिबोच्या ४३० मेगाहर्ट्‌झला ३५ सेंटिमीटरच्या दिसत होत्या, आणि ट्रॉम्सोच्या २२४ मेगाहर्ट्‌झला ६७ सेंटिमीटरच्या दिसतात. पंपाने पेटवलेल्या संक्षोभात अनेक लांबींच्या आणि अनेक दिशांच्या लहरी असतात. रडार त्यातली एक बारीक फट उघडून पाहते.

म्हणून रेषा उजळली नाही यावरून संक्षोभ नाही असे म्हणता येत नाही. तो असेल, पण आपल्या फटीबाहेर असेल. जेथे दोन वारंवारतांची रडारे एकाच वेळी एकाच भागाकडे पाहू शकतात, तेथे ही अडचण कमी होते, आणि ट्रॉम्सोच्या कामाचे मोल बरेचसे यातच आहे. वेगवेगळ्या लांबीच्या लहरी किंचित वेगळ्या उंचीवर उजळतात, कारण लँगम्युअर लहरीची वारंवारता तिच्या लांबीनुसारही बदलते. तो उंचीतला फरक मोजता आला, तर इलेक्ट्रॉन घनतेचा उतार आणि तापमान यांची स्वतंत्र पडताळणी होते.

बलरेषांना समांतर घनता-रेघा कशा पाहतात?

या रेघा बलरेषेच्या दिशेने कित्येक किलोमीटर लांब असतात आणि आडव्या दिशेने काही मीटर ते दशमीटर रुंद. त्यांच्याकडून जोरदार प्रतिध्वनी हवा असेल तर रडारचा झोत बलरेषेला काटकोनात लागला पाहिजे. ट्रॉम्सोवर बलरेषा जवळजवळ उभी असल्याने खालून वर पाहणाऱ्या रडारला हे साधत नाही. तेथे उपयोगी पडते ते सुमारे ९०० किलोमीटर दूर, फिनलंडमधील हँकासाल्मी येथील लघुलहरी रडार. सुपरडार्न या आंतरराष्ट्रीय जाळ्यातील ही रडारे ८ ते २० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतात. त्यांच्या लहरी आयनांबरात अपवर्तनाने वाकतात आणि वाटेत कोठेतरी बलरेषेला काटकोन करतात. हीटर चालू झाल्यावर त्यांच्या पडद्यावर ट्रॉम्सोच्या वरचा तेवढाच ठिपका झळकतो, आणि हीटर बंद केल्यावर काही सेकंदांपासून काही मिनिटांत विरून जातो. अलास्कातील कोडियाक येथील रडारने हार्पच्या बाबतीत हेच काम केले.

प्लॅटव्हिलच्या काळात अशा रेघांवरून अतिउच्च वारंवारतेच्या लहरी परतवून दूरच्या दोन केंद्रांत संदेश पोहोचवता येतो, हेही दाखवले गेले होते.

झोत उभा सोडतात की तिरका?

दोन्ही करून पाहतात. ट्रॉम्सोवर चुंबकीय बलरेषा क्षितिजाशी सुमारे ७८ अंशांचा कोन करते, म्हणजे बलरेषेच्या दिशेने पाहायचे तर डोक्यावरच्या बिंदूपासून सुमारे १२ अंश दक्षिणेकडे झुकावे लागते. पंपाचा झोत त्या दिशेने सोडला आणि रडारही तिकडेच वळवले, तर तापमानवाढ सर्वाधिक आढळते. रडारची दिशा काही अंशांनी बदलली तरी आकडे उतरतात. त्यामुळे दोन प्रयोगांची तुलना करताना दोघांच्या दिशा नोंदलेल्या नसतील, तर ती तुलना सोडून द्यावी.

साधारण आणि असाधारण ध्रुवण यांत फरक काय पडतो?

चुंबकीय क्षेत्रामुळे लहर दोन प्रकारे प्रवास करते. साधारण प्रकारची लहर प्लाझ्मा वारंवारता जुळेपर्यंत वर जाते. असाधारण प्रकारची लहर त्याआधीच, खालून परतते, आणि लँगम्युअर लहरी पेटवण्याच्या जागेपर्यंत पोहोचत नाही, असे जुने गणित सांगते. म्हणून वर्षानुवर्षे प्रयोगकर्ते एक फेरी साधारण ध्रुवणाची आणि एक असाधारण ध्रुवणाची घेत आले. दुसऱ्या फेरीत परिणाम नाहीसा झाला, तर पहिल्या फेरीतला परिणाम खरोखर पंपाचा होता याची खात्री पटते. अलीकडच्या काळात ट्रॉम्सोवर, घनता पुरेशी असताना आणि शक्ती मोठी असताना, असाधारण ध्रुवणानेही रेघा आणि उजळलेल्या रेषा निर्माण झाल्याचे नोंदले गेले आहे, आणि त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण शोधणे हे सध्याचे जिवंत काम आहे.

याच संदर्भात इलेक्ट्रॉनांच्या घिरटीची वारंवारता महत्त्वाची ठरते. चुंबकीय क्षेत्राभोवती इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १३ ते १४ लाख फेऱ्या घेतात. पंपाची वारंवारता या आकड्याच्या तिप्पट, चौपट अशा पूर्णांक पटीच्या अगदी जवळ आणली, तर घनता-रेघा क्षीण होतात आणि तापमानवाढही मंदावते. ट्रॉम्सोवर ५.४ मेगाहर्ट्‌झ चौथ्या पटीजवळ येते, म्हणून तेथे पंप काही दशकिलोहर्ट्‌झने सरकवत रडारची नोंद घेणे हा आवडीचा प्रयोग आहे.

प्रयोगाचा दिवस कसा ठरतो?

सूर्यावर बरेच अवलंबून असते. पंपाच्या वारंवारतेपेक्षा एफ थराची कमाल प्लाझ्मा वारंवारता अधिक असायला हवी, अन्यथा लहर थरातून आरपार निघून जाते. सौरचक्राच्या नीचांकी काळात, विशेषतः उच्च अक्षांशांवर हिवाळ्यात, ती हीटरच्या किमान वारंवारतेच्याही खाली उतरू शकते. उलट चुंबकीय वादळात खालच्या थरातील शोषण इतके वाढते, की पंप वर पोहोचतच नाही.

परिस्थिती अनुकूल असेल तर हीटर ठरावीक क्रमाने चालू-बंद केला जातो आणि प्रत्येक चालू काळाच्या अलीकडे-पलीकडे रडारने शांत अवस्थेची नोंद होते. हा क्रम ठरवताना काय शोधायचे आहे ते आधी पक्के हवे. लँगम्युअर लहरींचा पहिला क्षण हवा असेल तर फक्त काही मिलिसेकंदांचे पंप-स्पंद सोडून मध्ये अनेक सेकंद विश्रांती देतात, म्हणजे रेघा वाढत नाहीत. तापमान हवे असेल तर पंप काही मिनिटे चालू ठेवतात. निसर्गातील घटनांचा अभ्यास करणाऱ्याला कारण कधी सुरू झाले हे क्वचितच माहीत असते. येथे कारण आपण सुरू करतो आणि आपणच थांबवतो, ही या पद्धतीची खरी ताकद आहे, आणि घाईने आखलेला क्रम ती वाया घालवतो.

हे फक्त एफ थरातच होते का?

नाही, आणि एक सुंदर उदाहरण बरेच खालचे आहे. उन्हाळ्यात ध्रुवीय प्रदेशावर ८० ते ९० किलोमीटर उंचीवर हवा इतकी थंड होते, की बर्फाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. ते इलेक्ट्रॉन पकडतात, उरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या घनतेत बारीक चढउतार निर्माण होतात आणि २२४ मेगाहर्ट्‌झच्या रडारला तेथून जोरदार प्रतिध्वनी मिळतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ट्रॉम्सोच्या निरीक्षणांत असे दिसले, की हीटर चालू करताच हा प्रतिध्वनी खाली येतो आणि बंद करताच परत येतो. तापलेले इलेक्ट्रॉन अधिक वेगाने पसरून चढउतार पुसून टाकतात, असे त्याचे कारण आहे.

हीटर बंद काळ पुरेसा लांब ठेवल्यावर आणखी एक गोष्ट पुढे आली. परत आलेला प्रतिध्वनी पूर्वीपेक्षाही जोरदार असतो आणि मग सावकाश मूळ पातळीवर येतो. तापलेल्या काळात कणांवर जास्तीचा ऋणभार चढलेला असतो, इलेक्ट्रॉन मात्र बंद होताच क्षणात थंड होतात, त्यामुळे चढउतार काही काळ आधीपेक्षा ठळक राहतात. हे उसळणे किती मोठे आणि किती वेळ टिकते, यावरून कणांचा आकार आणि संख्या यांबद्दल अंदाज बांधता येतो. इतक्या उंचीवरच्या धुळीबद्दल जमिनीवरून माहिती मिळवण्याचे मार्ग फार थोडे आहेत.

डोळ्यांना किंवा कॅमेऱ्याला काही दिसते का?

संवेदनशील कॅमेऱ्याला दिसते. पंपाने काही इलेक्ट्रॉन इतके वेगवान होतात, की ते ऑक्सिजनच्या अणूंवर आदळून ६३० नॅनोमीटरचा तांबडा आणि ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश निर्माण करतात. हार्प पूर्ण शक्तीने चालू झाल्यानंतरच्या काळात तर वेगवान इलेक्ट्रॉनांनी नवे आयनीभवन करून कृत्रिम प्लाझ्माचा थर तयार केल्याचे आणि तो हळूहळू १५० किलोमीटरपर्यंत खाली उतरल्याचे आढळले.

याने हवामान बदलते किंवा भूकंप होतात, हे खरे आहे का?

नाही. ही शंका प्रामाणिकपणे विचारणाऱ्यांना आकडा देणे योग्य ठरेल. अँटेनांनी एका दिशेला एकवटल्यामुळे झोतात भासणारी शक्ती (परिणामी प्रारित शक्ती) १ गिगावॅट धरली, तरी २०० किलोमीटर उंचीवर पोहोचणारी ऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे २ मिलिवॅट असते. वातावरणाच्या माथ्यावर सूर्याकडून दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट येतात. ढग, पाऊस आणि वारे ज्या खालच्या थरात घडतात, तेथील हवा या वारंवारतेच्या लहरी जवळजवळ शोषतच नाही, आणि जमिनीखालच्या खडकांतील ताणाशी त्यांचा काही संबंध नाही.

बदललेले आयनांबर पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो?

लँगम्युअर लहरी मिलिसेकंदांत विझतात, एफ थरातील इलेक्ट्रॉन दशसेकंदांत थंड होतात, घनता-रेघा मिटायला सेकंद ते मिनिटे लागतात, आणि घनतेतील मोठे फरक काही मिनिटांत भरून निघतात.

नव्या रडारांमुळे काय बदलेल?

आयस्कॅट थ्री-डी या प्रकल्पात नॉर्वेतील शीबोत्न येथे सुमारे दहा हजार अँटेनांचे मुख्य रडार आहे आणि स्वीडन व फिनलंडमध्ये ग्राहक केंद्रे. त्याचा झोत यांत्रिकपणे न वळवता इलेक्ट्रॉनिक पद्धतीने क्षणात वेगळ्या दिशेला नेता येतो. आजवर तापलेल्या भागाचा एकेक उभा छेद मिळत असे आणि दिशा बदलेपर्यंत परिस्थितीही बदललेली असे. आता ट्रॉम्सोच्या वरचा तापलेला भाग आडव्या दिशेने कोठपर्यंत पसरतो आणि त्याच्या कडेला तापमान कसे उतरते, हे एकाच पंप-फेरीत मोजता येईल. अनेक केंद्रांवरून एकाच वेळी पाहिल्याने वाहण्याचा वेग तिन्ही दिशांत मिळेल. मात्र हे रडार २३३ मेगाहर्ट्‌झवर चालते, म्हणजे त्याला सुमारे ६४ सेंटिमीटरच्या लहरी दिसतील. १६ सेंटिमीटरच्या लहरींवर ट्रॉम्सोला जमा झालेली अनेक दशकांची निरीक्षणे त्याच्या नोंदींशी सरळ जोडता येणार नाहीत. २२४ मेगाहर्ट्‌झच्या जुन्या नोंदी मात्र त्याला जवळच्या आहेत, म्हणून तुलना त्यांच्यापासून सुरू करावी.